युद्धातले मेलेले मोजतात कसे?

इराकवर अमेरिकेने मार्च 2003मध्ये हल्ला केला. तिथपासून 2006च्या मध्यापर्यंत, सव्वातीन वर्षांत, किती इराकी माणसं या युद्धापायी गेली? 'इराक बॉडी काउंट' या गटाचं उत्तर होतं, पन्नास हजारांच्या आत. इराकी सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पाहणीचं उत्तर, 1 लाख 51 हजार. आणि 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं उत्तर, 6 लाख 55 हजार.

देश एक, काळ जवळपास एक, आणि उत्तरांत तेरा पटींचा फरक. असं काही समोर आलं की आपण साहजिकच म्हणतो, 'जाऊ दे, जो तो आपल्या सोयीचं सांगतो.' गाझा असो की युक्रेन, बातमीखाली हा वाद ठरलेलाच. पण हे आकडे कुठून येतात ते एकदा समजून घेतलं, तर कुठला आकडा नेमका कशाचा आहे हे बातमी वाचतानाच ओळखू येतं. आणि मोजणीच्या खोलात गेलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते, जास्त अस्वस्थ करणारी. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले मोठे संहार थांबले नाहीत, ते कुणाला माहीत नव्हतं म्हणून नव्हे.

मोजायचं काम कुणाचंच नाही

सैन्य आपले सैनिक मोजतं. पेन्शन, पदकं, घरी कळवणं, सगळं त्यावरच चालतं. समोरच्या गावातली माणसं मोजण्याची तसदी मात्र सहसा कुणी घेत नाही. 2002 साली अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर अमेरिकी जनरल टॉमी फ्रँक्स यांनी पत्रकारांना सरळ सांगून टाकलं होतं, आम्ही प्रेतं मोजत नाही. प्रत्येक युद्धातल्या प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवणारी एकही अधिकृत यंत्रणा आजही जगात नाही.

ती जागा मग कुणीकुणी भरून काढतं. इराक बॉडी काउंटची माणसं बातम्या, शवागारांच्या नोंदी, मदतसंस्थांचे अहवाल तपासून फक्त नागरिकांचे आणि फक्त हिंसेतले मृत्यू टिपतात. ज्याची बातमी झाली नाही, तो या यादीत नाही. युक्रेनमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार पथक एकेक मृत्यू पडताळून मगच नोंदवतं. 2025च्या सुरुवातीपर्यंत त्यांच्याकडे 12 हजारांहून अधिक नागरिकांची नोंद झाली होती, आणि खरा आकडा बराच मोठा असणार हे ते स्वतःच प्रत्येक वेळी लिहितात. रशियाच्या ताब्यातल्या मारियुपोलसारख्या शहरात त्यांना पायच ठेवता आलेला नाही.

रशियाची गोष्ट तर वेगळीच. आपले किती सैनिक पडले हे तिथलं सरकार सहसा सांगत नाही. तेव्हा 'मीडियाझोना' हे रशियन संकेतस्थळ आणि बीबीसीचे रशियन पत्रकार गावोगावच्या श्रद्धांजल्या, दफनभूमीतल्या नव्या कबरी, स्थानिक वर्तमानपत्रं धुंडाळून नावं गोळा करत बसले. पुढे मीडियाझोनाने 'मेदुझा' या दुसऱ्या रशियन संकेतस्थळाबरोबर वारसा-प्रकरणांची देशव्यापी नोंदवही तपासली. माणूस मेला की घर, गाडी, बँकेतले पैसे वारसांच्या नावावर करायला कुणीतरी अर्ज करणारच. तरुण पुरुषांच्या नावावरचे असे अर्ज एकाएकी किती वाढले, हे पाहून 2023मध्ये त्यांनी अंदाज बांधला की युद्धाच्या पहिल्या पंधरा महिन्यांत सुमारे 47 हजार रशियन सैनिक मेले. सरकार मृत्यू लपवू शकतं, पण वारस नोंदीचा कागद कधी ना कधी हलतोच. आपल्याकडे ज्यांनी तलाठ्याकडे खेटे घातलेत त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

गोळीने गेलेला आणि जुलाबाने गेलेला

आता मुख्य गुंतागुंत. बाँब पडून मेला तो युद्धात मेला, यावर कुणाचा वाद नाही. पण बाँबमुळे पाणीपुरवठा बंद पडला, लोक डबक्यातलं पाणी प्यायले आणि महिन्याभराने एक तान्हं मूल जुलाबाने गेलं, तर ते कुणाच्या खात्यात टाकायचं? डायलिसिसचं केंद्र बंद पडल्याने गेलेल्या माणसाचं काय? पेरणीच्या दिवसांत गाव सोडून पळावं लागलं आणि पुढच्या वर्षी उपासमार झाली, तिचं काय?

हे मृत्यू मोजायची पद्धत आपल्याला कोविडच्या काळात ओळखीची झाली आहे. 2021च्या अखेरपर्यंत भारतातले कोविडचे सरकारी मृत्यू होते 4 लाख 80 हजारांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022मध्ये अंदाज दिला 47 लाखांचा, आणि भारत सरकारने त्याला जोरदार हरकत घेतली. संघटनेने मोजले होते 'अतिरिक्त मृत्यू', म्हणजे एरवी जितके लोक मेले असते त्यापेक्षा किती जास्त मेले. यात मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलंय याला महत्त्व नसतं. युद्धालाही नेमकी हीच पद्धत लावतात.

ती लावली की युद्धाचं चित्रच पालटतं. आंतरराष्ट्रीय बचाव समिती या मदतसंस्थेने काँगोत एकामागून एक पाच सर्वेक्षणं केली आणि 1998 ते 2007 या काळात 54 लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच संघर्षात गेली नाहीत, असं त्या संस्थेचं म्हणणं होतं. यात गोळी किंवा कोयत्याने मेलेले फारच थोडे. बाकीचे मलेरिया, हगवण, न्यूमोनिया, कुपोषण यांनी गेले. मेलेल्यांत जवळजवळ निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. येमेनबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2021च्या अखेरपर्यंत 3 लाख 77 हजार मृत्यूंचा अंदाज दिला, त्यातले 60 टक्के भूक, आजार आणि उपचार न मिळाल्याने झालेले.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. 1943च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे 30 लाख माणसं गेली. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनारपट्टीवरच्या नावा काढून घेतल्या होत्या, तांदळाची आवक-जावक कोलमडली होती आणि सैन्यासाठीच्या खर्चाने भाव भडकले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचे आकडे पुस्तकांत सापडतात. हे 30 लाख त्या हिशेबात क्वचितच धरले जातात.

'एरवी किती मेले असते' हे ठरवणार कोण?

शंका रास्त आहे, आणि अतिरिक्त मृत्यूंच्या पद्धतीचा सगळ्यात कच्चा दुवा हाच. काँगोत शेवटची जनगणना झाली होती 1984 साली. शांततेच्या काळात तिथे दर हजारी किती माणसं दगावत होती, याची विश्वासार्ह नोंदच नव्हती. म्हणून सर्वेक्षण करणाऱ्यांनी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची सरासरी धरली. कॅनडातल्या एका संशोधन गटाने यावर बोट ठेवलं. काँगोची अवस्था युद्धाआधीही या सरासरीहून वाईट होती. सुरुवातीचा दर वाढवून धरला की शेवटच्या तीन सर्वेक्षणांच्या काळातला आकडा 28 लाखांवरून नऊ लाखांच्या खाली येतो. सर्वेक्षण तेच, उत्तरं तीच, फक्त तुलनेचा पाया बदलला.

माझ्या मते टीका करणाऱ्यांची बाजू इथे वजनदार आहे. पण नऊ लाख म्हणजे काही कमी झाले नाहीत. मदतीची औषधं कुठे पाठवायची हे ठरवायला दोन्ही आकडे एकच दिशा दाखवत होते.

'लॅन्सेट'मधल्या इराकच्या पाहणीवरही घरं कशी निवडली, घरांचे गट किती कमी घेतले यावरून बरीच टीका झाली. ती पाहणी 1,849 घरांची होती, आणि तिचा खरा निष्कर्ष '3 लाख 93 हजार ते 9 लाख 43 हजार यांच्या दरम्यान' असा होता. वर्तमानपत्रांनी मधला आकडा उचलला आणि तोच चिकटला. युद्धातला कुठलाही गोल आकडा दिसला की त्याच्या अलीकडे-पलीकडे केवढी जागा सोडली आहे ते शोधावं. ती सांगितलेलीच नसेल, तर आकडा जपून वापरावा.

ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, ते कसे सापडतात?

मोजणीतली सगळ्यात हुशार युक्ती मला हीच वाटते. समजा, एका लग्नाला किती माणसं आली ते तुम्हाला हवंय आणि दाराशी कुणी मोजलेलं नाही. आहेराच्या वहीत 200 नावं आहेत. फोटोग्राफरच्या अल्बममध्ये 150 माणसं ओळखू येतात. दोन्हीकडे असलेली 100. म्हणजे फोटोतल्या दर तीन माणसांपैकी दोघं वहीत सापडली. तेव्हा वहीने एकूण पाहुण्यांपैकी दोन तृतीयांश टिपले असं धरायला हरकत नाही, आणि पाहुणे झाले 300. वही आणि अल्बम मिळून नावं भरतात 250. उरलेले 50 कुठेच नाहीत, तरी ते आले होते हे आपल्याला कळलं.

'लॅन्सेट'मध्येच जानेवारी 2025मध्ये आलेल्या अभ्यासाने गाझासाठी हेच केलं. त्यांनी तीन याद्या घेतल्या: आरोग्य मंत्रालयाकडे असलेली रुग्णालयांची यादी, लोकांनी ऑनलाइन अर्जात भरून दिलेली नावं, आणि समाजमाध्यमांवरच्या श्रद्धांजल्या. नावं आणि ओळखपत्राचे क्रमांक जुळवून पाहिले. 30 जून 2024पर्यंत मंत्रालयाचा आकडा होता 37,877. अभ्यासाचा अंदाज निघाला 64,260, आणि तोही फक्त जखमांनी मेलेल्यांचा. भूक आणि आजाराने गेलेले यात धरलेलेच नाहीत. मंत्रालय युद्धातल्याच एका बाजूच्या, हमासच्या ताब्यातलं, म्हणून आकडे फुगवत असणार, असं सर्रास म्हटलं जात होतं. निदान या तपासात उलट निघालं.

पद्धतीत खोट काढायची, तर अशी निघते: आहेर देणारा माणूस स्टेजवर जातोच, आणि स्टेजवर गेलेल्याचा फोटो निघतोच. याद्या अशा एकमेकींत गुंतलेल्या असल्या की अंदाज कमी येतो. मागे पंगतीत बसून जेवून गेलेला दोन्हीकडून सुटतो. अख्खं कुटुंब ढिगाऱ्याखाली गेलं, तर अर्ज भरायला आणि श्रद्धांजली लिहायला कोण उरतं?

नावानिशी मोजलं, आणि आकडा अर्धा झाला

बोस्नियातलं युद्ध 1992 ते 1995 चाललं. त्यात दोन लाख माणसं मेली, हे वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. सारायेव्होतल्या एका संशोधन केंद्राने मिर्साद टोकाचा यांच्या नेतृत्वाखाली एकेक नाव गोळा करायला घेतलं: कोण, कुठे, कधी, सैनिक की नागरिक. अखेरची यादी 95,940 नावांची झाली. आकडा निम्म्यावर आला आणि ज्यांची माणसं सर्वाधिक गेली होती त्या बोस्नियाक मुस्लिमांमधलेच काहीजण भडकले, आमचं दुःख कमी करून दाखवता म्हणून. पण त्याच यादीने हेही पक्कं केलं की मारल्या गेलेल्या 38 हजार नागरिकांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बोस्नियाक होते. सगळ्याच बाजूंनी सारखंच सोसलं, हा युक्तिवाद दोन लाखांच्या ढोबळ आकड्यासमोर तग धरून होता. नावांसमोर तो टिकला नाही.

या युद्धातलं सगळ्यात काळं पान स्रेब्रेनित्साचं. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल 1993मध्ये हे गाव 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं होतं. 11 जुलै 1995 रोजी रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजांनी ते घेतलं आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले. प्रेतं सामूहिक कबरींत पुरली. त्या शरद ऋतूत, गाजावाजा होऊ लागल्यावर, बुलडोझरने त्या कबरी उकरून अवशेष दूरदूरच्या दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकले. यंत्राच्या दात्यांनी शरीरं तुटली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन, कधी चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली आहेत.

ती जुळवण्याचं काम बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने केलं. वीस हजारांहून अधिक नातेवाईकांचं रक्त घेतलं, हाडांतल्या डीएनएशी पडताळलं आणि जवळपास 7,000 जणांची ओळख पटवली. कुटुंबांपुढे प्रश्न असा येतो की मांडीचं एक हाड मिळालं, आता दफन करायचं की बाकीचं मिळेपर्यंत थांबायचं? काहींनी दफन केलं आणि पुढे आणखी अवशेष सापडल्यावर कबर पुन्हा उघडावी लागली.

'ते लढाईत मेले' हा बचाव पुढे आला, तेव्हा या कबरींनीच तो खोडून काढला. डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि मनगटं बांधलेल्या दोऱ्या निघाल्या. काहींच्या हातात आपोआप चालणारी, म्हणजे हाताच्या हालचालीने किल्ली बसणारी घड्याळं होती. हात थांबला की दीड-दोन दिवसांत तीही थांबतात. तबकडीवरचे वार आणि तारखा 1995च्या जुलैतल्या त्या दिवसांशी जुळल्या, आणि हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयात तो पुरावा मांडला गेला. म्लादिचला जन्मठेप झाली, ती 2021मध्ये अपिलातही कायम राहिली.

तेव्हाच कळलं असतं तर थांबवलं असतं?

कळलं होतं. रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी 11 जानेवारी 1994 रोजी न्यूयॉर्कला तार केली: शस्त्रसाठे जमवले जात आहेत, तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या लोकांना ठार मारायची तयारी आहे, मला छापा घालू द्या. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना 270वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत 5 ते 8 लाख माणसं मारली गेली, रवांडा सरकारच्या मते दहा लाखांहून अधिक. त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. कत्तल करणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसून चर्चा ऐकत होता.

मग दोष व्हेटोचा का?

व्हेटो म्हणजे सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांपैकी कुणाही एकाचा 'नाही' म्हणून ठराव पाडण्याचा हक्क. त्याने किती अडतं ते दिसतंच आहे. 25 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाला 11 मतं पडली, भारतासह तिघे तटस्थ राहिले आणि रशियाच्या एका मताने ठराव पडला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. सीरियाबाबत रशियाने डझनाहून जास्त वेळा, गाझाबाबत अमेरिकेने पुन्हा पुन्हा हाच हक्क वापरला. एप्रिल 2022पासून नियम झाला आहे की व्हेटो वापरला की कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा व्हायला हवी. चर्चाच, त्याहून जास्त काही नाही.

पण सगळं खापर व्हेटोवर फोडणं सोयीचं आहे आणि अर्धवटही. रवांडातली शांतिसेना घटवण्याचा ठराव एकमताने झाला होता. बोस्नियातली सुरक्षित क्षेत्रं राखायला 34 हजार सैनिक लागतील, असा संयुक्त राष्ट्रांचाच हिशेब होता. परिषदेने मंजूर केले 7,600. कुणी नकाराधिकार वापरला नाही. ठराव झाले, शब्द कडक होते, आणि आपले सैनिक तिथे मरायला पाठवायची कुणाची तयारी नव्हती. हा निर्णय लोकशाही देशांतल्या सरकारांनी डोळे उघडे ठेवून घेतला होता. रवांडाच्या वेळी तर ऑक्टोबर 1993मध्ये सोमालियात 18 अमेरिकी सैनिक मारले गेल्याचं दडपणही वॉशिंग्टनवर होतं.

न रोखण्याची किंमत कुणी भरतं का?

2007मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की स्रेब्रेनित्साचा नरसंहार सर्बियाने केला असं सिद्ध होत नाही, पण तो रोखण्याचं कर्तव्य सर्बियाने मोडलं. एखाद्या देशावर असा ठपका पहिल्यांदाच बसला. भरपाई मात्र एका पैशाची सांगितली नाही.

नेदरलँड्सची गोष्ट वेगळी झाली. स्रेब्रेनित्सात तैनात होते ते डच सैनिक. हलकी शस्त्रं असलेले, काहीशे. गाव पडल्यावर त्यांच्या तळात आसऱ्याला आलेल्या सुमारे 350 पुरुषांना त्यांनी 13 जुलैला बाहेर जायला लावलं. ते मारले गेले. मृतांच्या आई आणि बायका वर्षानुवर्षं डच न्यायालयांत भांडत राहिल्या. 2017मध्ये अपील न्यायालयाने डच सरकारची जबाबदारी 30 टक्के ठरवली. जुलै 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती 10 टक्क्यांवर आणली. हिशेब असा की तळातच थांबू दिलं असतं, तरी हे पुरुष सर्ब फौजांच्या हाती न लागण्याची शक्यता तेवढीच होती.

2021मध्ये त्यानुसार भरपाईची योजना सुरू झाली. विधवेला 15 हजार युरो, इतर जवळच्या नातेवाईकांना 10 हजार. तळाच्या कुंपणाबाहेर पकडल्या गेलेल्या पुरुषांच्या घरच्यांना त्यातलं काही नाही.